मदत हवी आहे: आईची २०२१ची फाईल. टायफॉइड होता की कोविड? (गुडघ्याच्या ऑपरेशनआधी कळायला हवं)

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावात ठरतंय. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तपासताना विचारलं, "आजी, कोविड झाला होता का?" आई ठामपणे म्हणाली, "नाही, टायफॉइड." मी म्हटलं, झाला होता. तिथंच आमची जुंपली. बाई म्हणाल्या, जुने कागद घेऊन या, मग बघू. फाईल सापडली, पण ती वाचून डोकं जास्तच फिरलंय.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. मे २०२१. आई चंदगडकडं नात्यातल्या बाराव्याला गेली होती. येताना नाक्यावर कपाळाला ती ताप मोजायची बंदूक लावली, आकडा नॉर्मल आला, सोडलं. घरी आल्यावर अंग मोडून आलं, घसा धरला, बारीक ताप, मग जुलाब. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, "विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड आहे" म्हणाले. सलाईन झाली, इंजेक्शनं झाली, ताप उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मग एकदा आमटीची फोडणी करपून घरभर धूर झाला आणि आई त्याच्यासमोर शांत बसलेली. वैनी माडीवरून धावत आल्या, हिला वासच नाही! त्याच आठवड्यात आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. बोटाला पीठ होतं म्हणून आशाताईंनी पदरानं पुसून मशीन लावलं. ८६. दुसरं बोट, ८७. आई म्हणते, "मला कुठं धाप लागलीय? एवढ्या उरकू देत." संध्याकाळपर्यंत बेळगावात एका खाजगी दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला.

आता फाईलमध्ये काय आहे ते जसंच्या तसं देतो. आरटीपीसीआर निगेटिव्ह. विडाल १:१६०. एचआरसीटीवर (छातीचा सीटी स्कॅन) को-रॅड्स ५, स्कोअर १३/२५, दोन्ही फुफ्फुसांत कडेकडेला ग्राउंड ग्लासचे (धुरकट काचेसारखे) डाग. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ११ टक्के. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) आणि डी-डायमरच्या (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) पुढं वर जाणारे बाण. औषधांत डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), हेपारिन (रक्त पातळ करणारं), आणि ऑक्सिजन. एवढं सगळं करून डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय काय, तर नुसतं "व्हायरल न्यूमोनिया".

आईचा हट्ट मला समजतो. तेव्हा कोविड म्हटलं की गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे, आणि आमच्या गोठ्यातलं दूध कोणी हातात घेतलं नसतं. पण आता ऑपरेशनच्या टेबलावर टायफॉइड सांगून चालेल का? निगेटिव्ह रिपोर्ट असताना कोविड म्हणायचं कसं? धाप नसताना ८६ खरं होतं की मशीन बिघडलेलं? आणि चार वर्षांनी याचा भूल देण्याशी संबंध काय?

जाणकारांनी कृपया सांगा.

तंबाखूचं_गाव:

आमच्या निपाणी भागात त्या मे महिन्यात निम्मं गाव "टायफॉइड"नं आजारी होतं. एकाच घरात चौघांना एकदम. तेव्हाच शंका यायला हवी होती. बाकी डॉक्टर मंडळी सांगतील, मी वाचतोय.

एक्सरेवाला:

मी छातीचा डॉक्टर आहे. आईंना तपासलेलं नाही, फिल्म बघितलेली नाही, हे धरून वाचा. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला फारशी शंका वाटत नाही. हा कोविडच.

आधी विडालचं. ही टेस्ट १८९६ची आहे. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं ती मोजते, जंतू नाही. आपल्या भागात पुष्कळांच्या रक्तात जुन्या टायफॉइडच्या खुणा असतात, आणि दुसऱ्या एखाद्या तापातही आकडा वर जातो. एकट्या १:१६० वर टायफॉइडचा शिक्का मारणं मला कधीच पटलेलं नाही. खात्री करायची तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) लागतं, ते फाईलमध्ये दिसत नाही. आणि टायफॉइडनं दोन्ही फुफ्फुसांच्या कडेला असे डाग पडून ऑक्सिजन ८६ वर येत नाही.

आरटीपीसीआर निगेटिव्ह का? कारण उशीर. नाका-घशात विषाणू पहिल्या काही दिवसांत भरपूर असतो. दुसऱ्या आठवड्यात तिथला कमी होत जातो आणि बिघाड फुफ्फुसात चालू असतो. शिवाय काडी नीट आतपर्यंत गेली का, हेही आहेच. म्हणून तर पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवायचा, निगेटिव्ह आला तर रुग्णाकडे बघायचं, असं आम्ही शिकलो. को-रॅड्स ही स्कॅन बघून कोविडचा संशय किती ते सांगणारी पट्टी आहे, ५ म्हणजे फार दाट संशय. ६ फक्त चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांना देतात. १३/२५ हा वेगळा आकडा, फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मध्यम आजार.

ताप नव्हता म्हणून नाक्यावर सुटल्या, यात नवल नाही. चीनमधल्या १,०९९ रुग्णांचा जो पहिला मोठा अहवाल २०२० च्या सुरुवातीला आला, त्यात दाखल होताना ताप होता ४३.८ टक्क्यांनाच. पुढं दवाखान्यात असताना ८८.७ टक्क्यांना आला. खोकला ६७.८ टक्के. म्हणजे बंदुकीसमोरून निम्म्याहून जास्त लोक आरामात निघून गेले असते. आणि विषाणू शिरल्यापासून लक्षणं यायला सरासरी पाचेक दिवस, कधी चौदापर्यंत. त्या मधल्या दिवसांत बंदूक काय पकडणार? जुलाब त्या अहवालात फक्त ३.८ टक्के होते. मी मात्र दुसऱ्या लाटेत पोट बिघडून आलेले पुष्कळ बघितले आणि त्यांचंच निदान सगळ्यात उशिरा व्हायचं.

लिम्फोसाइट कमी होणं ही तर ठळक खूण. त्याच १,०९९ मध्ये ८३.२ टक्क्यांत ते कमी होते. वास जाणंही तसंच. नाक चोंदलेलं नसताना अचानक वास गेला, तर त्या दिवसांत दुसरं काही आधी मनात यायचंच नाही. केंद्राच्या लक्षणांच्या यादीत ते जून २०२० मध्ये घातलं गेलं. तुमच्या वैनींनी करपलेल्या फोडणीवरून जे पकडलं ते विडालपेक्षा भरवशाचं होतं.

सत्यशोधक७६:

कोविड बिविड काही नव्हतं. दवाखान्यांचा धंदा होता. आमच्याकडं सगळ्यांना साधा ताप, काढा घेऊन बरे झाले.

सिस्टर_गडहिंग्लज:

@सत्यशोधक७६, बहुतेकजण घरीच बरे व्हायचे, हे खरंय. आम्ही वॉर्डात न होणाऱ्यांजवळ बसत होतो, म्हणून आमचा अनुभव वेगळा.

@मलप्रभाकाठ, ८६ बद्दल सांगते. मशीन बिघडलेलं नव्हतं. हाताला मेंदी, नखाला रंग किंवा बोट गार असेल तर आकडा चुकतो, पण तुमच्याकडं दोन बोटांवर सारखाच आला आणि पीठ पुसून घेतला. आमच्याकडं ८२ वर मोबाईलवर बोलत बसलेले काका होते. रुग्ण हसत असायचा आणि आकडा बघून आमच्याच पोटात गोळा यायचा. म्हणून आम्ही नुसतं बसवून मोजायचो नाही. सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालवायचं आणि परत बोट धरायचं. चालून आकडा तीन-चारनं घसरला, की बसल्या जागी ९६ असला तरी मोठ्या दवाखान्याचा रस्ता. श्वास मिनिटाला किती ते पण मोजायचं. चोवीसच्या वर गेले की आम्ही डॉक्टरांना उठवायचो.

एक्सरेवाला:

सिस्टरांनी नेमकं सांगितलं. धाप का लागत नाही, तर धाप लागायची घंटा मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर वाजते. कोविडमध्ये सुरुवातीला फुफ्फुस लवचीक राहतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो, ऑक्सिजन मात्र पुरेसा आत येत नाही. शरीर ओरडतच नाही.

दुसरं म्हणजे दिवसांचा हिशोब. वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांत दम लागायला सुरुवात झाली ती साधारण आठव्या दिवशी. ताप उतरला, घरचे निवांत झाले, आणि आतून फुफ्फुस बिघडत गेलं. लक्षणं सुरू झाल्यापासूनचा दुसरा आठवडा हाच धोक्याचा. तुमच्या आईंची गोष्ट अगदी त्याच चालीनं गेलीय. डेक्सामेथासोनही बरोबर वेळी मिळालंय. २०२० मधल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत ते ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच उपयोगी ठरलं, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना नाही. आपल्याकडं मात्र कित्येकांनी पहिल्याच दिवसापासून गोळ्या चघळल्या.

मलप्रभाकाठ:

डॉक्टर, सिस्टर, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. "डॉक्टर म्हणतात तर असेल" इथपर्यंत आलीय. दूध कोण घेणार नाही म्हणून आता भीती नाही, गाईच विकल्यात.

पण ऑपरेशनचं काय? चालताना ती दमते, पण गुडघ्यानं दमते की छातीनं ते कळत नाही. डिस्चार्जनंतर साखरेची गोळी सुरू झाली ती अजून चालू आहे.

एक्सरेवाला:

साखरेचं आधी लिहायला हवं होतंत! स्टेरॉइडनं साखर वर जाते, आणि लपलेला मधुमेह त्यावेळी खूपजणांत उघडा पडला. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. ती जास्त असेल तर गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवताना जंतुसंसर्गाची भीती वाढते, सर्जन स्वतःच तारीख पुढं ढकलतील.

बाकी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा: मे २०२१ मध्ये कोविड न्यूमोनिया, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड घेतलं, डी-डायमर वाढलेलं होतं. शेवटचं का महत्त्वाचं, तर कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमध्येही पायात गुठळीची भीती असतेच. तेव्हा पाय सुजला होता का, रक्त पातळ करायच्या गोळ्या घरी किती दिवस घेतल्या, हे आठवून ठेवा. छातीचा नवा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुंकून फुफ्फुसांची ताकद बघायची पीएफटी टेस्ट झाली की गुडघा की छाती याचा उलगडा होईल. चार वर्षांनी बहुतेकांची फुफ्फुसं भरून आलेली असतात, थोड्यांत व्रण राहतात.

एक आगाऊ सूचना. दुखणं मांडीच्या सांध्यातून गुडघ्यात उतरतंय का, हेही सर्जनना विचारा. स्टेरॉइडनंतर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलेले रुग्ण कोविडनंतर दिसलेत, आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. बहुधा आईंचं साधं झिजलेलंच असेल, पण खुब्याचा एक एक्स-रे महाग नाही.

सिस्टर_गडहिंग्लज:

सीटीची फिल्म चार वर्षांत काळवंडली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. जिथं स्कॅन झाला तिथं तारीख आणि नाव सांगून सीडी मागा, कधी कधी अजून मिळते. आणि आईंना आत एकट्या पाठवू नका, नाहीतर परत टायफॉइडच सांगतील.