उन्हाळ्यात प्रोसेसरचे तापमान १०० अंशांवर जाते. किती अंशांपर्यंत निर्धास्त राहावे?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार. आमच्या घरात खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात आणि वरच्या खोलीत मी चादरींची व टॉवेलांची जॅकार्ड डिझाइन संगणकावर तयार करतो. गेल्या डिसेंबरात सुटे भाग आणून हा संगणक मी स्वतःच जोडला. त्यात इंटेल कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर असून त्याच्या खोक्यात मिळालेलाच पंखा बसवला आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास मोठे डिझाइन रेंडर करताना (म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करताना) तापमान ८४ अंशांपर्यंत जात असे. आता खोलीतच ४१ अंश असतात आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचा आकडा थेट १०० दिसतो, शिवाय वेगही ४ गिगाहर्ट्झवरून ३.२ पर्यंत उतरतो. दुकानदार पाण्यावर चालणारा महागडा कूलर घ्यायला सांगतात. तो खर्च खरोखर आवश्यक आहे का, आणि तोपर्यंत काम चालू ठेवल्यास प्रोसेसर जळेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (विजापूर रोड)

प्रोसेसर जळणार नाही, एवढी खात्री बाळगा. तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे आणि तिथे पोहोचताच तो आपला वेग आपणहून कमी करतो. तुम्हाला दिसलेली घसरण हीच आहे. त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. मात्र रोज तासन्‌तास त्या काठावर काम करणे मला पटत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर कामात ८५ अंशांच्या आत राहिले तर मी समाधान मानतो, आणि ९० च्या वर सतत राहू लागले की संगणकाचे खोके उघडतो.

खोलीचे तापमान वजा केल्याशिवाय प्रोसेसरच्या आकड्याला अर्थ नाही, कारण पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. जानेवारीत दुपारी खोलीत २५ अंश धरले तर तुमचा फरक ५९ अंशांचा होता, आणि आजही तो तेवढाच आहे. म्हणजे दोष उन्हाळ्यात निर्माण झालेला नाही. तो डिसेंबरापासून आहे, थंडीने फक्त झाकून ठेवला होता.

आता एक पाहा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ ही ओळ समोर ठेवा, कमाल-किमानच्या नोंदी पुसून नव्याने सुरू करा आणि रेंडर चालू करा. आकडा पहिल्या दोन-तीन सेकंदांतच नव्वदीपार उडाला, तर कूलरचा, म्हणजे पंखा आणि त्याखालच्या धातूच्या भागाचा, तळ प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही किंवा मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पसरलेली नाही. तो पाच-दहा मिनिटांत सावकाश चढत गेला, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचते आहे, पण खोक्याबाहेर पडत नाही. या दोन दुखण्यांचे उपाय निराळे आहेत आणि नवा कूलर हा दोन्हींवरचा पहिला उपाय नव्हे.

उत्तर २ (अशोक चौक)

आमच्याकडेही माग आहेत, म्हणून सांगतो. साधी धूळ झटकली की निघते, पण कापसाचे बारीक तंतू पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर एकमेकांत गुंतून नमद्यासारखा थर धरतात. तो वरून दिसत नाही, कारण पंखा त्याला झाकतो. पंखा काढून पाहावे लागते. वीज पूर्ण तोडून मऊ ब्रशने थर सोडवावा आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. खोली गार करणारा पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट खोक्यावर सोडू नका.

उत्तर ३ (जुळे सोलापूर)

पहिल्या उत्तरातील ८५ ची मर्यादा या प्रोसेसरपुरती योग्य आहे, पण इतर वाचकांनी ती सरसकट लावू नये, अशी माझी विनंती आहे. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६००एक्स पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाणार हे गृहीत धरूनच बनवला आहे, तर रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ८९ आहे. आपल्या प्रोसेसरची मर्यादा उत्पादकाच्या तपशिलात पाहावी.

प्रश्नकर्त्यांनी बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील) वीजमर्यादाही तपासावी. या प्रोसेसरची मूळ वीज ६५ वॅट आणि टर्बोची (वाढीव वेगाची) ११७ वॅट आहे, परंतु अनेक मदरबोर्ड ही वरची मर्यादा कायमची खुली ठेवतात. दीर्घकालीन मर्यादा ६५ वर आणली तर रेंडरला थोडा अधिक वेळ लागतो आणि तापमान चांगलेच उतरते. लिनक्स वापरणाऱ्यांना टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा देऊन तापमानाचे आकडे पाहता येतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रेंडर सुरू करताच आकडा दुसऱ्याच सेकंदाला ९४ झाला, म्हणून काल रात्री माग बंद झाल्यावर खोके उघडले. कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक मदरबोर्डच्या मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आलीच नव्हती. बाकी तिघींची काळी टोके पांढऱ्या प्लास्टिकमधून स्पष्ट दिसत होती. त्या कोपऱ्याकडची पेस्ट जशीच्या तशी जाड राहिली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि समोरासमोरच्या खुंट्या जोडीने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्या. पात्यांवर तंतूंचा थरही होता, तो काढला. वीजमर्यादा अजून बदललेली नाही.

आज दुपारी खोलीत ४० अंश असताना अर्धा तास रेंडर चालवले. आकडा ८३ वर स्थिरावला आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून हलला नाही. प्रोसेसरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच आहेत. त्यातून खोक्याच्या पुढच्या बाजूला लावायची, काढून धुता येणारी जाळी तेवढी घेणार आहे.