रात्री लाईट गेली की सकाळी वायफाय चालतं, नाही गेली तर चालत नाही. मदत हवी आहे

कोकमकढी:

मंडळी, हसू नका, शीर्षक खरं आहे.

घर मुरुडला. महर्षी कर्व्यांचं मुरुड, दापोली तालुक्यातलं, जंजिऱ्याचं नव्हे. (कुरियरवाले चुकतात, म्हणून सवयीने आधीच सांगून टाकते.) मी घरून चार-पाच दुकानांचे आणि दोन लॉजचे हिशेब लिहिते, त्यांचे जीएसटी रिटर्न भरते. कॉम्प्युटर असेंबल केलेला, सात-आठ वर्षांचा, विंडोज १०. त्याला आतून वायफाय नाही, म्हणून मागच्या बाजूला यूएसबी अडॅप्टर लावलाय. अंगठ्याएवढा, निळा दिवा लुकलुकणारा. राउटर पडवीत, कारण फायबर तिथवरच आली. कॉम्प्युटर माजघराच्या पलीकडच्या खोलीत. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती, आजेसासऱ्यांनी बांधलेल्या. खिडकीत मांजर आडवं झोपतं इतक्या जाड.

तर तक्रार अशी. सकाळी साडेआठला बटण दाबते. विंडोज येतं, पण कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नसतं, पृथ्वीचा गोळा दिसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०'. मग उठायचं, टेबलाखाली ओणवं व्हायचं, अडॅप्टर उपसायचा, दहा आकडे मोजून परत खोचायचा. टुणकन आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटात नेट सुरू. त्यानंतर रात्रीपर्यंत एकदाही तुटत नाही.

जिथून घेतला त्या दुकानात दाखवला. 'पीस खराब आहे' म्हणून त्यांनी दुसरा दिला, म्हणजे विकला. पहिल्याचे साडेसहाशे, दुसऱ्याचे साडेनऊशे. पहिला तर कधीकधी काढून घातला तरी चालत नसे. दुसरा निदान काढून घातल्यावर चालतो. मग म्हणाले फॉरमॅट करू. केलं. पाचशे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेबलाखाली.

आता शीर्षकाचं. पावसाला सुरुवात झाल्यापासून आमच्याकडे रात्री लाईट जाते-येते. मला वाटलं की लाईट गेली त्या सकाळी हा शहाण्यासारखा वागतो. हिशेबाची खोड, म्हणून कॅलेंडरवर खुणा करायला लागले. पंधरा दिवसांत रात्री पाच वेळा लाईट गेली. त्या पाचही सकाळी अडॅप्टर मुकाट चालला. उरलेल्या दहांपैकी नऊ सकाळी बंद. सासूबाई म्हणतात, लाईट गेली की त्यालाही झोप लागते नीट.

हा काय प्रकार आहे? २० तारखेला थ्री-बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे आहेत आणि माझी कंबर आता वाकायला नाही म्हणते.

खटपट्या:

अँटिव्हायरस काढून बघा. नाहीतर सरळ फॉरमॅट मारा आणि ११ टाका. विंडोज १० चा सपोर्ट तसाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

कोकमकढी:

फॉरमॅट मारून झालंय हो, वर लिहिलंय. ११ या मशीनवर बसत नाही.

माडाखाली:

ताई, माका त्या कोडातला काय एक कळणा नाय. आमच्या वेंगुर्ल्याक खाऱ्या वाऱ्यान सगळ्या पिना हिरव्यो होतत. माज्या झिलान हातभर एक्स्टेंशन वायर लावन दिल्यान, अडॅप्टर टेबलार ठेवल्यान. तवापासून वाकूक लागणा नाय, बसल्या जाग्यार काढतंय नि घालतंय.

लांबवायर:

पडवीपासून खोलीपर्यंत किती, वीस मीटर? कॅट ६ ची वायर १०० मीटरपर्यंत सहज जाते. वायफायच्या नादी का लागता?

कोकमकढी:

ओढली होती. माळ्यावरून नेली होती आणि उंदरांनी दोन महिन्यांत तीन ठिकाणी खाल्ली. भिंतीतून न्यायची तर भोक देवघराच्या भिंतीला पडतं. तो विषय आमच्या घरात काढायचा नाही.

बिनतारी:

तुमच्या कॅलेंडरने अर्धं काम केलंय. अडॅप्टर खराब असता तर त्याला लाईट गेल्याचं काय सोयरसुतक? मला तीन गोष्टी सांगा. त्या सांगेपर्यंत कॉम्प्युटर रीस्टार्ट मात्र करू नका.

रात्री शट डाऊन केल्यावर, बोर्डाचं बटण चालू असताना, अडॅप्टरचा निळा दिवा पूर्ण विझतो का? यूपीएस आहे का? आणि टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारा, खाली 'अप टाइम' लिहिलेलं असतं. तिथला आकडा काय?

कोकमकढी:

यूपीएस आहे, पण बॅटरी कधीच मेली. आता तो नुसता वजनदार एक्स्टेंशन बोर्ड आहे. लाईट गेली की कॉम्प्युटर तत्क्षणी बंद.

दिवा विझत नाही. आत्ता मुद्दाम खोलीतला दिवा मालवून बघितलं. कॉम्प्युटर बंद, पंख्याचा आवाज नाही आणि टेबलामागे निळं काजव्यासारखं चालू आहे. इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं.

अप टाइम वाचून मात्र चक्रावले. ११ दिवस आणि काही तास दाखवतोय. मी रोज रात्री बंद करते हो! रोज!

(नंतर जोडलं: अकरा दिवसांपूर्वी भरदुपारी, मी काम करत असताना लाईट गेली होती. त्याची खूण कॅलेंडरवर नाही, पण त्या दिवशीचं टॅलीचं काम परत करावं लागलं होतं म्हणून पक्कं आठवतंय.)

बिनतारी:

मिळालं. तुमचा कॉम्प्युटर अकरा दिवस झोपत होता, मेलेला नव्हता.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही शट डाऊन म्हणता तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर (अडॅप्टरसारख्या वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवरच्या एका फाइलीत लिहून ठेवतं. सकाळी बटण दाबलं की ती फाइल वाचून कालच्या जागी उभं राहतं. सुरू पटकन होतं, पण ड्रायव्हर नव्याने चढत नाही. त्याच्या डोक्यात रात्रीचाच संसार असतो. अप टाइम पुढे मोजला जातो तो म्हणूनच.

आता दुसरी बाजू. कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत त्याचा पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडे ५ व्होल्ट देत राहतो, आणि बऱ्याच मदरबोर्डांवर ते यूएसबीच्या भोकांपर्यंत पोचतात. तुमचा काजवा त्यावर जगतो. म्हणजे अडॅप्टरमधली चिपही रात्रभर जागी, कुठल्या तरी अर्ध्या अवस्थेत अडकलेली. सकाळी शिळा ड्रायव्हर आणि शिळी चिप एकमेकांसमोर येतात, दोघांनाही वाटतं की ओळख झालेलीच आहे, आणि कोड १०.

लाईट गेली की चिप मरते आणि लाईट आल्यावर कोरी उठते. तुम्ही उपसून परत खोचता तेव्हा हेच हाताने करता. सासूबाईंचं निदान बरोबर आहे, फक्त झोपेच्या जागी मरण वाचा.

हे झालं माझं म्हणणं. खरं-खोटं करायला आज रात्री बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाऊनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं विंडोज खरंखुरं बंद होतं. उद्या रात्री नेहमीसारखं बंद करा, आणि परवा सकाळी अडॅप्टर रुसला तर उपसू नका, नुसतं रीस्टार्ट द्या. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू नसतं.

खटपट्या:

एवढं करण्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ही खूण काढा. माझं त्यानेच गेलं होतं.

बिनतारी:

काढली तर बिघडत नाही. पण ती खूण चालू कॉम्प्युटरमध्ये मध्येच नेट तुटतं त्याच्यावरचा उपाय. यांचं दिवसभर तुटत नाहीच.

लांबवायर:

मग रोज रात्री बोर्डाचं बटणच बंद करावं की. सेटिंगची भानगड नको.

बिनतारी:

तेही चालेल. फक्त बोर्ड बंद असला की मदरबोर्डचं घड्याळ आतल्या बटणसेलवर चालतं, सीआर २०३२ वर. सात-आठ वर्षं जुना सेल असेल तर एके दिवशी तारीख मागे जाईल आणि सुरक्षित साइटी उघडायच्या बंद होतील. २० तारखेला तसं झालं तर शिव्या मला पडायच्या.

कोकमकढी:

हजेरी लावते. काल रात्री शिफ्ट दाबून बंद केलं. बाहेर पाऊस होता, पण लाईट गेली नाही. दोनदा उठून पंखा फिरतोय ना बघितलं, नाहीतर परीक्षाच फुकट. सकाळी चाललं! आज नेहमीसारखं बंद करणार.

कोकमकढी:

आज सकाळी अपेक्षेप्रमाणे पिवळा त्रिकोण. आयुष्यात पहिल्यांदा तो बघून बरं वाटलं. रीस्टार्ट दिलं. टेबलाखाली न जाता नेट सुरू. अप टाइम शून्यावरून मोजायला लागलाय.

आता हे फास्ट स्टार्टअप कायमचं कुठून काढायचं?

बिनतारी:

कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. खालची ओळ फिकट दिसेल, तिला हात लागत नाही. आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करा, मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. कधीतरी विंडोजचं मोठं अपडेट आलं तर ती खूण परत आलीय का तेवढं बघा.

याने भागेल. नाही भागलं तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ईआरपी नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की बंद कॉम्प्युटर यूएसबीला वीजच देत नाही. पण बायॉसमध्ये उगाच शिरू नका.

आणि माडाखाली यांची एक्स्टेंशन वायर हसण्यावारी नेऊ नका. अडॅप्टर मागच्या निळ्या भोकात असेल तर ते यूएसबी ३. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि यूएसबी ३ च्या वेगवान डेटामुळे २.४ च्या आसपास गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. तुमच्या चिऱ्यातून ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचणार नाही, तुमची सगळी भिस्त २.४ वर. तेव्हा काळ्या भोकात वायर लावा आणि अडॅप्टर पत्र्याच्या डब्यामागून काढून टेबलावर, पडवीच्या दिशेला ठेवा.

एक शंका राहिली. पहिला अडॅप्टर काढून घातला तरी चालत नसे म्हणालात. तेव्हा धिस पीसीमध्ये सीडीसारखं एक जादा ड्राइव्ह दिसायचं का?

कोकमकढी:

दिसायचं! मी ते दुकानात सांगितलंही होतं. 'काही नाही, दुर्लक्ष करा' म्हणाले.

बिनतारी:

तो बहुधा वेगळाच रोग. रिअलटेकच्या काही चिपांवरचे अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात. त्या सीडीत ड्रायव्हर असतो, म्हणजे वेगळी सीडी द्यायला नको. ड्रायव्हर बसला की त्यानेच सोंग उतरवून अडॅप्टरला वायफाय करायचं असतं. कधीकधी ते राहतं आणि अडॅप्टर सीडीच बनून बसतो. त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' म्हणा. बरेचदा तेवढ्याने तो वायफाय होतो. फेकला नसेल तर बघा.

माडाखाली:

म्हंजे आमची वायर कामाची आसा तर!

कोकमकढी:

उशीर झाला, क्षमस्व. थ्री-बी एकोणीस तारखेलाच गेले सगळे.

फास्ट स्टार्टअप काढल्याला नऊ दिवस झाले. नवाही सकाळी पहिल्या बटणाला नेट. मधल्या रात्रींत लाईट दोनदाच गेली, म्हणजे लाईटचा हात नाही. सुरू व्हायला पूर्वीपेक्षा वीसेक सेकंद जास्त लागतात, तेवढ्यात मी चहा गाळून आणते. निळा काजवा अजून रात्रभर चालूच असतो, पण सकाळी भांडत नाही.

एक्स्टेंशन वायर दापोलीहून आणली, दीडशेची. वायफायच्या चिन्हात दोनाचे तीन दांडे झाले. अडॅप्टरच्या टोकाला खरंच हिरवट पूड धरली होती, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणून पुसली.

पहिला अडॅप्टर ड्रॉवरमध्ये रबरबँडांच्या खाली होता. भाच्याच्या लॅपटॉपला लावला, सीडी आली, इजेक्ट म्हटलं, टुणकन आवाज, आणि पडवीतल्या राउटरचं नाव समोर. साडेसहाशे, साडेनऊशे, पाचशे. बेरीज मला करता येते. पुढच्या आठवड्यात दोन्ही अडॅप्टर आणि कॅलेंडरचं ते पान पर्समध्ये घालून दुकानात जाऊन येणार आहे.