मदत हवी आहे: इंग्रजी नामांचं काउंटेबल-अनकाउंटेबल सातवीतल्या मुलीला कसं समजावू?

लेक सातवीत आहे, सेमी इंग्रजी. परवा तिच्या वहीत ‘हेअर्स’ आणि ‘फर्निचर्स’ या दोन्ही शब्दांतल्या एसवर बाईंनी लाल गोल केले. ‘जे मोजता येतं ते काउंटेबल’ ही व्याख्या तिला तोंडपाठ आहे, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. ती विचारते, “खुर्च्या मोजता येतात, मग फर्निचर का नाही?” शिवाय मराठीत आपण दोन बातम्या वाचतो, चार सल्ले देतो, इंग्रजीत न्यूज आणि ॲडव्हाइस दोन्ही एकवचनी.

काउंटेबलला मेनी, अनकाउंटेबलला मच, असं लावून बघ म्हटलं, तर त्यासाठी उत्तर आधीच माहीत असावं लागतं. दाण्याच्या आकाराचा नियम सांगितला: राइस, सँड बारीक म्हणून अनकाउंटेबल, बीन्स, पीज मोठे म्हणून काउंटेबल. तो पटला, पण ओट्स अनेकवचनी आणि व्हीट एकवचनी निघाल्यावर मोडला. फर्निचर, लगेज, ज्वेलरी ही अनेक वस्तूंची मिळून एक नावं आहेत, हे मात्र तिला लगेच कळलं.

अडलंय ते ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, होमवर्कवर. हात लावता येत नाही म्हणून अनकाउंटेबल म्हणावं, तर आयडिया आणि सजेशन काउंटेबल! डिक्शनरीत सी आणि यू अशा खुणा असतात हे ठाऊक आहे, पण परीक्षेत डिक्शनरी नसते. लांबलचक यादी घोकून घ्यायची इच्छा नाही.

अशा शब्दांसाठी मुलांना पटेल अशी एखादी खूण आहे का, की ‘अ पीस ऑफ’ जोडून वाक्यातच पाठ करून घ्यावेत?