‘रिव्हर्स शोल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मावशीच्या फायलीत ‘रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट’ असं लिहिलंय. ती विचारते, “उलटा खांदा बसवला तर हात मागे वळणार का? आणि कफ फाटलाय म्हणे. मला तर साधा खोकलाही नाही!” शब्द सुचवा.

– मावशींना सांगा, हा कफ शर्टाच्या बाहीचा. चार स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दंडाच्या हाडाच्या डोक्याला तशा लपेटलेल्या असतात. शाळेत शिकलेला ‘उखळीचा सांधा’ आठवा : उखळ फऱ्याला (पाठीकडच्या चपट्या हाडाला), गोळा दंडाच्या हाडाला. उलटतं ते एवढंच. गोळा फऱ्यावर स्क्रूने बसवतात, वाटी दंडाच्या हाडात. त्यामुळे फिरण्याचं केंद्र आत आणि खाली येतं, खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूला जास्त तरफ मिळते आणि कफ नसतानाही तो हात उचलतो. फ्रान्समधल्या दिजाँच्या पॉल ग्रामोंची १९८५ची ही युक्ती. ‘व्यस्त’ हा शब्द गणितात शोभतो, एरवी खांदा कामात आहे असं वाटेल. ‘विपरीत’ तर नकोच, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोण ऐकून घेईल? माझं मत ‘उलट-उखळीचा सांधा’.

– चालेल, पण पुढे ‘प्रत्यारोपण’ जोडू नका. वर्तमानपत्रांनी ‘गुडघा प्रत्यारोपण’ रूढ केलंय खरं, पण प्रत्यारोपण मूत्रपिंडाचं. इथे धातू आणि प्लॅस्टिक. ‘सांधेबदल’ म्हणा.

– नव्या घडामोडींनी आणखी शब्द आणलेत. ग्रामोंच्या घडणीत वाटीचा दंडाच्या हाडाशी कोन १५५ अंश. हात खाली आला की तिची कड फऱ्याला घासून ‘नॉचिंग’ होई. त्याला आपली ‘खाच’ पुरे. आता कोन बहुधा १३५ ते १४५ ठेवतात आणि केंद्र थोडं बाहेर घेतात. ते ‘लॅटरलायझेशन’. कोणी ‘पार्श्वीकरण’ सुचवणार असेल तर आधीच हात जोडतो. २०२४मध्ये अमेरिकेत खांद्यासाठीही रोबो आला, पण ‘रोबोने ऑपरेशन केलं’ हे वाक्य चूक. सीटी स्कॅनवर आखणी आधी होते, हत्यार सर्जनच्याच हातात असतं, रोबो फक्त दिशा राखतो. ‘रोबोच्या मदतीने’ म्हणा.

– आणि मावशींचा पहिला प्रश्न? हात मागे वळणं सोडाच, या सांध्यात हात पाठीमागे नेणं बऱ्याच जणांना जडच जातं.

प्रश्नकर्ता : लिंबू आणि वाटी घेऊन दाखवलं. मावशीने ‘लिंबू-वाटी’ असं नाव ठेवलंय आणि पाठीला साबण लावायला लांब दांड्याचा ब्रश मागवलाय.