घाम आहे म्हणून उष्माघात नाही?
"घाम येत असेल तर उष्माघात नाही" असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी असते बहुधा, पण मे महिन्यात नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा हमाल घामानं निथळत असतानाही उष्माघातात जाऊ शकतो. प्रथमोपचार शिकणाऱ्यांनी घामापेक्षा शुद्ध बघावी. नाव विचारलं तर भलतंच बोलतोय, चिडतोय, तोल जातोय, अंग भट्टीसारखं तापलंय. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर असतं. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर निर्धास्त राहू नका.

बरळणारा प्रत्येक जण प्यायलेला नसतो (नागपुरात दुपारी लोक आधी तेच ठरवतात). ग्लुकोमीटरनं रक्तातली साखर बघून घ्या, ७० mg/dL च्या खाली असेल तर कारण तेही असू शकतं. आणि दवाखान्याकडे गाडी सुसाट पळवण्याआधी थंड करणं सुरू करा: कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा, कूलरचा झोत सोडा, वाटेतही पाणी-वारा चालू ठेवा. पॅरासिटामॉल इथे काही कामाचं नाही, कारण हा ताप आजारातल्यासारखा मेंदूनं चढवलेला नसतो. शुद्ध नीट नसेल तर पन्हं, कांद्याचा रस तोंडात ओतू देऊ नका, श्वासनलिकेत जातं. नातेवाईक ऐकत नाहीत, त्यांना पंखा घालायला बसवा.