आईच्या पायात रात्री गोळे येतात, काय घेऊ? (बजेट 1500)

कोथरूडची_लेक: आई 68 वर्षांची. रात्री दोन-अडीचला पोटरीत गोळा येतो, पोटरी दगडासारखी होते, कळवळून उठते. आठवड्यातून तीन-चार वेळा. परवा घाईने उभी राहताना पडता पडता वाचली. बीपीची गोळी चालू आहे. तेल, पट्टा, मशीन काहीही सुचवा, पण 1500च्या आत.

तळजाई_रोज: पायाचं मसाज मशीन घ्या. मी 14,000ला घेतलं. हवेच्या पिशव्या पोटऱ्या दाबतात, शांत झोप लागते. दीड हजारात मिळतं ते महिन्यात बंद पडतं.

सदाशिवपेठी: याला वांब म्हणतात. गोळा पोटात येतो. महानारायण तेल कोमट करून रात्री चोळा, आमच्या आजीला त्यानेच उतार पडायचा.

मंडईवाला: पायातही गोळाच येतो हो, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. रोज केळं आणि नारळपाणी द्या.

पोटरी_फिजिओ: नारळपाणी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं. काही गोळ्या लघवी वाढवतात, त्यांनी गोळे येऊ शकतात. म्हणून गोळीचं नाव दाखवाच, पण मनाने बंद करू नका.
गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं नडगीकडे ओढायची, सुटल्यावर चोळायचं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, 30 सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीनदा. सहा आठवडे नेमाने करून बघा. आणि पांघरूण पायाशी गादीखाली खोचू नका, त्याने पावलं खाली दाबली जातात.

पर्वती_103: मॅग्नेशियम घ्या असं मला सगळे म्हणाले. तीन महिने घेतलं, काडीचा फरक नाही.

पोटरी_फिजिओ: वयस्कर लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही त्याचा फायदा दिसलेला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घेऊच नये.

जुना_डेक्कन: आमचे जुने डॉक्टर क्विनाईन द्यायचे. वडिलांना लगेच गुण आला होता.

पोटरी_फिजिओ: कृपया नको. प्लेटलेट घटून जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये नेमकं पायाच्या गोळ्यांसाठीच्या वापराबद्दल इशारा दिला होता. आणि एकच पाय सुजला, लाल-गरम झाला, तर तो गोळा समजून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तळजाई_रोज: मशीनमध्ये शेकही आहे. आईसाठी पैशाकडे बघू नये.

कोथरूडची_लेक: सगळ्यांचे आभार. मशीन नाही, तेलही नाही. आईच्या पलंगाशेजारी भिंतीला स्टीलचा हँडल बसवला, बाथरूममध्ये लावतात तसा. मजुरीसकट 1100. मला गोळ्यापेक्षा तिच्या पडण्याची भीती जास्त वाटते. संध्याकाळी त्यालाच धरून ताण देते. पांघरूण खरंच घट्ट खोचलेलं असायचं, ते सोडलं. गोळी दाखवायला सोमवारी जातोय.

सदाशिवपेठी: वाड्याच्या मातीच्या भिंतीत असा हँडल टिकेल का? आमच्याकडे साधा खिळाही निघून येतो.