न पाहिलेली मॅच डोळ्यांदेखत: कला की थापा?

कानसेन
राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, रोनाल्ड रेगन आयोवातल्या डब्ल्यूएचओ रेडिओवरून शिकागो कब्जच्या बेसबॉल मॅचेस सांगायचे. मैदान शेकडो मैल लांब. तिथून तारेने खबर येणार, तारवाला चिठ्ठी सरकवणार, त्यावर दोन-चार अक्षरं: स्ट्राइक एक (म्हणजे बॅटर एकदा चुकला). पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) टोपी सारखी केली, बॅटरने पाय घासले, हे सगळं पदरचं! एकदा नवव्या इनिंगमध्ये तारच बंद पडली, तर साहेबांनी बॅटरला सहा-सात मिनिटं फाउलवर फाउल मारायला लावले (फाउल म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका; असे कितीही मारले तरी बॅटरची पाळी चालूच). तार सुरू झाल्यावर कळलं, गडी पहिल्याच चेंडूवर झेल देऊन गेला होता. रेडिओची खरी कला हीच. समोर दिसतंय ते कुणीही सांगेल.

पंच
कला कसली, शुद्ध लोणकढी. हा किस्सा सांगणारे रेगन स्वतःच, आणि कधी तो बॅटर जर्जेस असतो, कधी गॅलन! रेड बार्बर या निवेदकानेही ब्रुकलिनमध्ये हे केलं, पण तारयंत्राची कटकट ऐकणाऱ्याला ऐकू देऊन. प्रेक्षकांच्या गलक्याची तबकडी लावली नाही. आपले क्रिकेट समालोचक बाळ पंडित मैदानाकडे न बघता सांगताहेत असं कळलं असतं, तर तुम्ही रेडिओपाशी बसला असतात?

साडेतीन_शहाणा
संघामागे गावोगाव निवेदक पाठवण्यापेक्षा तार स्वस्त पडायची, एवढंच त्यामागचं कारण. कला वगैरे नंतर चिकटली. आणि कानसेन, 'कुणीही सांगेल' म्हणे! ब्रुकलिनचा डॉजर्स संघ १९५८ ला लॉस एंजेलिसला आला, तेव्हा मैदानात बसलेली माणसं कानाला ट्रान्झिस्टर लावून संघाचा निवेदक व्हिन स्कलीला ऐकत होती.

पंच
स्कलीच घ्या. १९७४ ला हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथला मागे टाकलं, तेव्हा हा गप्प बसला आणि गर्दीला बोलू दिलं. तबकडीवरच्या गर्दीपुढे असं गप्प बसून दाखवा.

कानसेन
हे बिनतोड. तरी त्या सहा मिनिटांवरून जीव ओवाळून टाकावा.

डेट्रॉइटकर
आमच्या डेट्रॉइटच्या एर्नी हारवेल या निवेदकाचं काय करायचं मग? मैदानात हजर, स्कोअर चोख, पण फाउल बॉल स्टँडमध्ये गेला की 'हा पकडला इप्सिलँटीच्या गृहस्थांनी', असं बेधडक एखादं मिशिगनमधलं गाव ठोकून द्यायचे. अख्ख्या राज्याला ते आवडायचं. टायगर स्टेडियममध्ये एकदा मीच एक पकडला. घरी आलो तर बायको म्हणते, "तो सॅगिनॉचा माणूस तुमच्या जवळपास बसला होता का हो?"

मी मूळचा साताऱ्याचा.